दोन्ही बाजूंनी शिवलेला घेर

मित्रांनो, मला पायपुसणं म्हणू नका, एवढंच माझं पहिलं मागणं. घडी करून दाराशी ठेवलं तर मी तसा दिसतो, हे मान्य आहे. पण मी नाताळच्या झाडाचा घेर आहे. झाडाच्या बुंध्याभोवती मी गोल पसरतो, खालचा ओबडधोबड डबा झाकतो आणि भेटवस्तूंना बसायला मऊ जागा देतो. आता मी म्हातारा झालो, माझा लाल रंग विटकरी झाला, तरी ऐट काही गेलेली नाही.

माझा जन्म दोन जुन्या पडद्यांतून झाला. पुढच्या खोलीच्या खिडकीवर ते कित्येक वर्षं लटकत होते आणि ऊन खाऊन त्यांची एकेक कड फिकी पडली होती. ज्या बाईने मला शिवलं तिला मी आईच म्हणतो. तिची मुलगीही तिला आई म्हणते, तेव्हा आम्ही भावंडंच झालो. मुलीचं लाडाचं नाव बटण. लहानपणी ती गोल होती आणि सारखी कुठेतरी हरवायची, म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं. बाबा नळदुरुस्तीची कामं करत.

आई कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. तिथे एका बाईने कॉलर लावायची, दुसरीने बाही जोडायची, तिसरीने काजं करायची. आईच्या वाट्याला बाजूच्या शिवणी आल्या होत्या. डावी बाजू शिवायची, कापड फिरवायचं, उजवी बाजू शिवायची आणि कपडा पुढे सरकवायचा. हे काम ती डोळे मिटूनही करू शकली असती. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने एकटीने काही शिवलं असेल, तर शपथ!

त्या वर्षी कारखान्याने सांगितलं, की नाताळच्या सुट्टीनंतर बाजूच्या शिवणीचं काम बंद होणार. आईने घरी येऊन ते बाबांना सांगितलं.

"अगं, घरात मशीन आहे. बाहेरची शिवणकामं घे," बाबा म्हणाले.

"काय घेऊ? मला येतं काय? दोन सरळ रेघा! अख्खा कपडा कधी हातात आलाच नाही माझ्या."

त्याच आठवड्यात बटणने झाडाखालच्या रंगाच्या डब्याकडे बोट दाखवून तक्रार केली. "आई, डबा दिसतोय. मैत्रिणी आल्या की हसतील."

दुकानातला घेर महाग होता. आईने मान वर करून पडद्यांकडे पाहिलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तिने पडदे पाहून घेर पसरायचं ठरवलं. आणि मनाशी आणखी एक ठरवलं, ते तिने बाबांना सांगितलं तेव्हा खिडकीवरच्या पडद्यांतून मलाही कळलं. "हा एक अख्खा जमला, तर बाहेरची कामं घेईन. नाही जमला, तर मशीन विकून टाका. उगाच जागा अडवतंय."

म्हणजे बघा, अजून माझा पत्ता नव्हता आणि माझ्यावर केवढा भार!

सुट्टीच्या दिवशी सकाळी आईने फरशी पुसून पडदे अंथरले. सुतळीच्या एका टोकाला साबणाची पातळ चकती बांधली, दुसरं टोक अंगठ्याखाली दाबलं आणि गोल रेघ ओढली. मधल्या भोकासाठी नाश्त्याची ताटली उपडी ठेवली. एका पडद्यातून एक अर्धगोल, दुसऱ्यातून दुसरा. आत जुन्या चादरीचं अस्तर लागलं. फिकी कड तिने मागच्या बाजूला घेतली, म्हणजे भिंतीकडे जाईल. माणसंही फोटो काढताना चांगली बाजूच पुढे करतात, मग मी का लाजू?

मग मशीन सुरू झालं. मित्रांनो, त्या हाताची चाल काय सांगू! एक बाजू सर्रकन शिवून झाली. आईने कापड फिरवलं, दुसरी बाजू सर्रकन शिवून झाली. तिने दोरा तोडला, मला इस्त्री केली आणि हसत हसत पुढच्या खोलीत आणलं.

तिथे बाबा आणि बटणने तोपर्यंत झाड सजवून ठेवलं होतं. घंट्या, चमकत्या माळा, टोकावर चांदणी, सगळं जागच्या जागी. आई खाली वाकली. मला बुंध्याभोवती गुंडाळायला तिने माझं तोंड शोधलं. मी सरळ होतो, गोल होतो, सुंदर होतो. फक्त मला तोंडच नव्हतं! मागची बाजू उघडी ठेवायची होती, आणि जित्याची खोड, आईच्या हाताने तीही शिवून टाकली होती.

"वरून घालून बघू," बाबा म्हणाले आणि स्टुलावर चढले. मी चांदणीवरून खाली आलो आणि फांद्यांच्या पहिल्याच ओळीला अडकून बसलो. चांदणी घरंगळली, दोन घंट्या फुटल्या. बाबांना हसू फुटलं. आईचा चेहरा दिसला तसं त्यांनी ते गिळलं.

"बघितलंत?" आई म्हणाली. "मला फक्त शिवणी बंद करता येतात. विका ते मशीन."

"अगं, एक बाजू उसव. त्यात काय एवढं?"

"उसवलेला माल आमच्याकडे बाद होतो. ज्या बाईचा बाद होतो ना, तिच्याकडे सगळे माना वळवून बघतात."

आई भिंतीला टेकून बसली. मी जमिनीवर चोळामोळा होऊन पडलो होतो. मला फार वाईट वाटत होतं. जन्मून तासही झाला नव्हता आणि मी बाद मालात जमा झालो होतो.

तेवढ्यात बटणने मला उचललं. ताटलीच्या भोकातून तिने डोकं वर काढलं आणि खोलीभर गिरकी घेतली. "आई, बघ, मी राणी!"

मी तिच्याभोवती उघडत गेलो, सगळीकडून सारखा. आई बघत राहिली. "थांब," ती म्हणाली. "हळू फिर. आता उभी राहा." ती गुडघ्यांवर रांगत बटणभोवती फिरली, माझी खालची कड तिने हाताने तपासली. कुठे झोळ नव्हता, कुठे लोंबत नव्हतं.

"घेर बरोबर पडलाय हो," ती हळूच म्हणाली. मग बाबांकडे न बघताच हात पुढे केला. "ब्लेड द्या."

मागची शिवण तिने एकेक टाका कापत उसवली. खरं सांगतो, मला दुखलं नाही. सुटलेल्या कडांना तिने चादरीच्या पट्टीचा गोट मारला आणि बांधायला बटणच्या जुन्या रिबिनी लावल्या, एक निळी, एक पिवळी, एक कुठलीच धड नाही अशी. मग मी बुंध्याभोवती बसलो. डबा दिसेनासा झाला.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या. काकूंना कुठलीही वस्तू उलटी करून बघायची सवय. त्यांनी माझा गोट बघितला, रिबीन सोडून पुन्हा बांधून बघितली. "हे कुणी शिवलं?"

"मी," आई म्हणाली.

"अख्खं?"

"हो. अख्खं."

"मग मलाही एक कर. आणि माझे पडदेही आखूड करायचेत."

"काकू, माझं चुकलं तर?"

"चुकलं तर उसव आणि पुन्हा शिव! पडदा काय पळून जातोय?"

मशीन विकलं गेलं नाही, हे आता सांगायला नकोच. सुट्टीनंतर ते खिडकीशी आलं आणि घरात येणाऱ्या कापडांचा ढीग वाढत गेला. दरवर्षी मी माळ्यावरून उतरायचो, माझं कौतुक व्हायचं. पुढे बटण मोठी होऊन शिकायला दूर गेली आणि काही वर्षं झाडच लागलं नाही. त्या काळात मी काचेच्या भांड्यांना गुंडाळला गेलो, उंदराने माझी कड चाखली, आणि एकदा तर गळक्या नळाखाली मला अंथरलं. तेही नळदुरुस्तीवाल्याच्या घरात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एके दिवशी आईने मला शोधून काढलं, धुतलं आणि सावलीत वाळवलं. तोवर तिचं स्वतःचं शिलाईचं दुकान झालं होतं आणि दोन मुली तिच्याकडे शिवण शिकायला येत. त्यातल्या एकीची शिवण तिरकी गेली होती आणि ती रडकुंडीला आली होती. आईने मला तिच्या मांडीवर पसरलं आणि तिचं बोट माझ्या मागच्या कडेवर ठेवलं. "लागतात का हाताला? बारीक भोकं?"

"हो. कसली?"

"उसवलेल्या शिवणीची. ही मी आयुष्यात पहिल्यांदा उसवली. घे ब्लेड."

मित्रांनो, आता मी बटणच्या घरी आहे. तिचं झाड मोठं आहे, माझ्या रिबिनी जेमतेम पुरतात. तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी माळ्यावर पडलं असेल. त्याला खाली काढा, मेणाचे डाग हळुवार खरवडा, उन्हात टाकू नका. फाटलं असेल तिथे जरूर रफू करा, माझी हरकत नाही. फक्त माझ्या पाठीवरची ती भोकं तेवढी बुजवू नका. आईचं दुकान तिथून सुरू झालं.