उन्हात उमटणारी शाई

"आजपासून या देशातली रात्र बंद करण्यात येत आहे," अशी घोषणा मंत्रिमहोदयांनी भर सभेत केली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. घोषणा खरं तर सकाळीच व्हायची होती. पण मंत्र्यांचा पांढरा कोट परटाकडून यायला उशीर झाला, म्हणून देशाची नीती दुपारपर्यंत खोळंबली. संध्याकाळी सूर्य नेहमीसारखा मावळला. त्याच्यापर्यंत परिपत्रक पोचलं नसावं.

रात्र बंद म्हणजे बंदराजवळच्या गल्लीतली हॉटेलं, नाचगाण्याचे बार आणि त्यांच्यावरच्या खोल्या बंद. त्या खोल्यांसाठी परदेशातून विमानं भरून पाहुणे येत. नीती खातं आणि पर्यटन खातं एकाच मंत्र्यांकडे असल्यामुळे त्यांची फार ओढाताण होई. गल्ली बंद करायची, पण पाहुण्यांचं मन मोडायचं नाही. यावर खात्याने मार्ग काढला होता: धाड घालायची ती फक्त बायकांवर.

गल्लीच्या तोंडाशी परटाची लाँड्री होती. गल्लीतल्या मोठ्या हॉटेलच्या चादरी, पोलीस चौकीचे गणवेश आणि मंत्र्यांचा कोट एकाच भट्टीवर उकळत. पाण्याने कधी तक्रार केली नव्हती. कपड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून परीट प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण लाकडी शिक्क्याने कापडाच्या कोपऱ्यावर उमटवायचा. हॉटेलची खूण होती एक गोल आणि त्यात टिंब. शाई त्याची स्वतःच्या हातची. लावताना पाण्यासारखी दिसायची, ऊन लागलं की काळीभोर व्हायची, आणि एकदा काळी झाली की कापड विरेल पण खूण जायची नाही. मान वर करून सांगाव्या अशा दोनच गोष्टी त्याच्याकडे होत्या. एक ही शाई आणि दुसरी मुलगी. मुलगी सरकारी इस्पितळात नर्सचं शिकत होती आणि तिची शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती.

घोषणेच्या दुसऱ्या दिवशी फौजदार लाँड्रीत आला.

"तुझी शाई हवी आहे. आणि त्या हॉटेलचा शिक्काही दे."

"शाई, साहेब? कशाला?"

"जप्त केलेल्या गाद्यांवर मारायला. मागच्या धाडीच्या गाद्या परत त्याच हॉटेलात सापडल्या. पेपरवाले हसतात."

परीट खुलला. त्याच्या शाईची सरकारदरबारी चौकशी होण्याची ही पहिलीच वेळ. त्याने एक बाटली पुसून शिक्क्यासकट हातात दिली.

"अहो, ते सांगा ना त्यांना," आतून बायको म्हणाली.

"हो, साहेब, एक आहे. कातडीला लागू देऊ नका. भाजते. फोड येतात."

"गादीला कातडी असते का रे?" फौजदार म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर मनापासून हसला. परीटही हसला. गिऱ्हाइकाबरोबर हसायची त्याला सवय होती.

धाड भर दुपारी पडली, कारण फोटोला उजेड चांगला हवा होता. परटिणीची कंबर धरली होती, म्हणून त्या दिवशी धुतलेल्या चादरींचं बोचकं घेऊन मुलगी हॉटेलवर गेली होती. ती जिन्यात असतानाच खालचं दार फुटलं.

शिपाई काठ्या घेऊन आत घुसले आणि दिसेल त्या बाईला झोडत सुटले. केस धरून ओढत होते, पाठीत लाथा घालत होते. एक बाई पलंगाखाली शिरली, तर पलंगच तिच्या अंगावर दाबला. जिन्यावर कुणाच्या तरी दाताचा तुकडा पडला होता आणि त्यावरून सगळे ये-जा करत होते. याच वेळी वरच्या मजल्यावर टॉवेलातले दोन पाहुणे सापडले. त्यांना खुर्च्या दिल्या, थंड सरबत दिलं, पर्यटन खात्याच्या अधिकाऱ्याने आवाजाबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि सरकारी गाडीने त्यांना समुद्र दाखवायला नेलं.

"मी परटाची मुलगी आहे," मुलगी सांगत होती. "चादरी द्यायला आले आहे."

"चादरीशिवाय इथे कुणाचं काम चालतं?" शिपाई म्हणाला आणि त्याने तिचा दंड पिरगळला.

बारमध्ये गाणारी बाई पुढे आली. मुलीला ती लहानपणापासून ओळखत होती. "अरे, सोड तिला. ती कपड्यांची पोर आहे. पोरी, माझ्या मागे उभी राहा."

"मावशी, तुम्ही नका मध्ये पडू..."

काठी गाणारीच्या कानशिलावर बसली. दुसरी बसली तेव्हा ती जिन्याच्या वरच्या पायरीवर होती. ती थेट खाली जाऊन पडली आणि पुन्हा उठली नाही. सरकारी निवेदनात पुढे आलं की सदर महिला नीतीच्या मार्गावर येत असताना पाय घसरून पडली.

मग सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं आणि नाही म्हणू शकेल असं तिथे कुणीच नसल्यामुळे प्रत्येकीच्या मनगटावर शिक्का मारला. गोल आणि टिंब. काहीच उमटलं नाही. बायकांना वाटलं, शाई संपली असेल. मुलीने मात्र शिक्का ओळखला. ती हात मागे ओढून ओरडली, "हे कातडीवर मारायचं नसतं." दोघांनी तिला गुडघ्यांखाली दाबलं आणि तिसऱ्याने शिक्का नीट टेकवला.

फोटोसाठी सगळ्यांना उन्हात आणलं तेव्हा मनगटं काळी पडायला लागली. मग भाजायला लागली. त्या किंकाळ्या लाँड्रीपर्यंत ऐकू आल्या. परीट तेव्हा मंत्र्यांच्या कोटाला इस्त्री करत होता.

चौकीत मुलीला घ्यायला आलेल्या परटाला फौजदार म्हणाला, "चूक झाली, मान्य. घेऊन जा. बाकी काही करता येणार नाही. तूच म्हणालास, निघत नाही."

घरी आल्यावर मुलीने न्हाणीतला दगड घेतला आणि मनगट घासायला बसली. फोड फुटले, कातडी सोलली, पाणी लाल झालं. खालच्या मांसावरही गोल होता आणि टिंब होतं. परटाने दगड काढून घ्यायला हात पुढे केला.

"बाबा, तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली.

बायकोने त्याला ताट वाढलं, पण बोलली नाही.

इस्पितळातल्या मोठ्या बाई, म्हणजे मेट्रन, सज्जन होत्या. त्यांनी मुलीला जवळ बसवलं. "माझा विश्वास आहे गं तुझ्यावर. पण पेपरात फोटो आले, ती खूण आता सगळ्या शहराला ठाऊक झाली आहे. पेशंट विचारतील. लांब बाह्यांचा झगा घाल, बाही खाली ठेव, आणि परीक्षेला बस."

"बाही वर केल्याशिवाय हात धुता येत नाहीत, बाई. तुम्हीच शिकवलंत."

"म्हणून तर म्हणते, लपव."

"मी काही चोरलेलं नाही," मुलगी म्हणाली. "बाही वर करूनच येईन. परीक्षेला बसू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा." मोठ्या बाईंनी विचार करायला वेळ मागितला. सज्जन माणसं नेहमी मागतात.

त्या संध्याकाळी परटीण पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली.

"शाई उरली आहे का?"

"अर्धी बाटली आहे. का गं?"

"मंत्र्यांचा कोट आलाय. चौकीचे गणवेश आलेत. उद्या मैदानावर त्यांचा सत्कार आहे म्हणे, शहर शुद्ध केलं म्हणून."

परटाने बायकोकडे पाहिलं, मुलीच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग उठून कपाटातून हॉटेलचा जुना शिक्का काढला. बाटली त्याने मुलीपुढे धरली. तिने डाव्या हाताने बूच उघडलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ऊन रणरणत होतं. मंत्री पांढऱ्याशुभ्र कोटात बोलायला उभे राहिले. "बंधुभगिनींनो, अशा बायका ओळखणं आता अगदी सोपं झालं आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या छातीवर एक फिकट गोल दिसू लागला. "ही खूण म्हणजे समाजाचं संरक्षण आहे." गोल काळा झाला. "ज्याच्या अंगावर ही खूण, त्याला शेजारी थारा देऊ नका." मधोमध टिंब उमटलं. स्वतःची छाती स्वतःला दिसत नाही, त्यामुळे ते बराच वेळ बोलले. बाजूला सलाम ठोकून उभ्या असलेल्या पोलिसांच्या कफांवरही गोल उगवत होते. मैदानाच्या कडेला गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यातली एक हसली. मग सगळं मैदान हसलं.

त्यानंतर पोलीस लाँड्रीवर आले. भट्टी फोडली. परटिणीला उकळत्या पाण्याच्या हंड्यावर ढकललं, तिचा खांदा भाजून निघाला. परटाचा उजवा हात धुण्याच्या दगडावर ठेवला आणि त्याच्याच धोपाटण्याने, कपडा धोपटावा तसा, बोटं सपाट होईपर्यंत धोपटला. तो ओरडत होता तेव्हा फौजदार एकच प्रश्न विचारत होता, "आणखी कुठे मारलास शिक्का? बोल, आणखी कुठे?"

मुलीने दोघांनाही हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं. बाही वर करून तिने आईचा खांदा धुतला, बापाच्या बोटांना कामट्या बांधल्या. मोठ्या बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. वॉर्डातला एकही पेशंट काही विचारत नव्हता. सगळे नुसते मनगटाकडे बघत होते. बराच वेळ गेल्यावर मोठ्या बाई आत आल्या, पट्टीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाल्या, "परीक्षेला उशीर करू नकोस."

लाँड्री फुटली होती, पण मागचं घर शाबूत होतं. तिघं घरी परतली. त्याच आठवड्यात गल्ली पुन्हा उघडली, कारण पाहुण्यांची विमानं आधीच ठरलेली होती. रात्र पूर्ववत सुरू झाली. गाणारीच्या जागी दुसरी आली.

एका दुपारी मागच्या दारावर हळूच टकटक झाली. परटिणीने दार उघडलं. फौजदार होता, एकटा, साध्या कपड्यांत. एवढ्या उकाड्यात त्याने हातमोजे घातले होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि उजवा मोजा काढला. सत्काराच्या दिवशी घामाने कफातली शाई मनगटावर उतरली होती. फोड, सोललेली कातडी, आणि मधोमध गोल अन् टिंब.

आत खाटेवर परीट बांधलेला हात छातीशी धरून पडला होता. मुलगी पुस्तकातून मान वर करून पाहत होती. बाही तिची वरच होती.

"बायको घरात घेत नाहीये," फौजदार खालच्या आवाजात म्हणाला. "तीन दिवस ओसरीवर झोपतोय. म्हणते, सगळ्या गावाला ठाऊक आहे ही खूण कुणाची असते. मी किती सांगितलं, गणवेशाची आहे. ऐकतच नाही."

त्याने मोजा परत चढवला.

"जरा भारीतला साबण असेल का? अख्खी वडी नको. तुकडा चालेल."