बर्फावरचा गोटा, तांबड्या मातीत

मी एक गोटा. कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीत, मारुतीच्या डाव्या हाताला माझी जागा आहे. अंगानं काळानिळा, गुळगुळीत, वर पितळी मूठ. नवा माणूस बघतो आणि म्हणतो, व्यायामाचा दगड दिसतोय. म्हणू दे बापडा. मी कोण ते त्यानं कधी विचारलंय कुठं?

माझा जन्म स्कॉटलंडचा, समुद्रातल्या एका बेटाच्या पोटातला. किनाऱ्यावरच्या छोट्याशा गावात एका पाथरवटानं मला आणि माझ्या जुळ्या भावाला घडवलं. आमच्यात गोटे जोडीनंच घडवतात. टाकीचे घाव दोघांनी मिळून सोसले. देवपण मात्र तिथं मिळालं नाही, ते पुढं कोल्हापुरानं दिलं.

गावाचं नाव सांगत नाही, इथल्या जिभेला ते जमत नाही. दगडी पूल, दगडी छपरं, टेकडीवर एक पडका किल्ला. त्या किल्ल्यात कुठलासा राजा लपला होता आणि आपल्याच खापरपणजोबानं त्याला जेवू घातलं, असं गावातला प्रत्येक जण सांगायचा. इथं पन्हाळ्याच्या गप्पा रंगल्या की मला ती माणसं हटकून आठवतात. धुकं तर असं, की गगनबावड्याच्या माणसाला परकं वाटू नये.

थंडीत गावामागचं तळं गोठायचं. मग लोहार, डॉक्टर, पाद्री, सगळे कामंधामं टाकून बर्फावर. एकानं मला मुठीला धरून पुढं सोडायचं आणि दोघांनी माझ्यापुढं वाकून झाडू मारत पळायचं. झाडलेल्या बर्फावरून गोटा लांब जातो. ज्याचा खुणेच्या सगळ्यात जवळ थांबला, तो जिंकला. गावची बडी माणसं माझी वाट झाडायची! दगडाच्याही डोक्यात हवा जावी, असा तो मान होता.

त्याच गावचा एक तरुण कोल्हापूर संस्थानात रस्ते-पूल बांधायला आला. त्याला इथं मॅकसाहेब म्हणत. गावाची आठवण म्हणून त्यानं मला ट्रंकेत घातलं आणि भावाला घरी ठेवलं. आमची जोडी फुटली. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं, भावाकडं परत जायचं.

साहेबाला गावाची फार आठवण आली की तो बंगल्याच्या व्हरांड्यात फरशीवर साबणाचं पाणी ओतायचा, मला ढकलायचा आणि खानसामा ज्ञानूला माझ्यापुढं झाडू मारायला लावायचा. ज्ञानू भाविक माणूस. साहेबाचे डोळे भरलेले बघून त्याला वाटलं, ही साहेबाची पूजा चाललीय.

स्वातंत्र्य आलं, साहेब निघाला. बोटीला सामान फार झालं, म्हणून मला ज्ञानूकडं सोपवलं. ज्ञानूच्या खोलीत त्याचीच दाटी, तेव्हा त्यानं मला आपल्या पेठेतल्या तालमीत आणलं आणि वस्ताद गणपतरावांना बजावलं, "साहेबाचा द्येव हाय ह्यो. हलवायचा झाला तर म्होरं झाडू मारायचा. रीत हाय."

झालं, माझ्या कपाळी शेंदूर आला. पोरं मला उचलून मनगटं कमवत, ते चालायचं. पण जागेवरून हलवताना पुढं झाडू हवाच. खंडेनवमीला तर मला तेल लावून कुस्तीच्या हौद्याभोवती मिरवत, आणि दोन दांडगे पैलवान लंगोट कसून पुढं वाट झाडत. का झाडायची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कोल्हापूरकराला एकदा रीत म्हटली की कारण लागत नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या नवरात्रात तालमीच्या दारात एक गोरी बाई उभी राहिली. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, हे तिला माहीत होतं. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "राम राम. मी मॅकसाबाची लेक, एल्सा. ज्ञानूकाका हाय का?"

मेमसाहेबाच्या तोंडून ही बोली ऐकून जोर काढणारे तसेच थांबले. लहानपणी ती ज्ञानूच्याच अंगाखांद्यावर खेळली होती.

"ज्ञानू जाऊन लई वर्सं झाली, बाई," गणपतराव म्हणाले.

तिनं उंबऱ्याला हात लावून कपाळी नेला. मग म्हणाली, "आमचं आबा, मॅकसाब बी गेलं औंदा. जाईपत्तोर ह्या गोट्याची आठवण काढत हुतं. ह्येचा जोडीदार घरात एकटाच पडलाय. ह्येला न्यायला आलोय मी."

भाऊ होता! माझी वाट बघत होता! मला हातपाय असते तर मी धावलो असतो.

हंबीरराव पैलवान पुटपुटला, "वस्ताद, द्येव कसा द्यायचा?"

गणपतरावांनी माझ्यावरून हात फिरवला. "भाऊ हाय म्हणत्यात त्येचा तिकडं. भावाभावांच्या मधी आपण कोण पडणार? न्हेऊन द्या भाईर."

हंबीररावानं मला उचललं. कुणी सांगायच्या आत दोघांनी खराटे घेतले आणि मारुतीपासून उंबऱ्यापर्यंत वाकून वाट झाडत निघाले.

एल्साबाईनं खराट्यांकडं बोट केलं. "ह्ये कुणी शिकिवलं?"

"ज्ञानूनं. कशापायी ते ठावं न्हाय. पर एकदाबी चुकलो न्हाय."

मग रडत-हसत तिनं सगळं सांगितलं. तळं, बर्फ, झाडू.

"म्हंजी द्येव न्हाय ह्यो?" गणपतरावांनी विचारलं.

"न्हाय. खेळ हाय."

गणपतरावांनी मांडीवर थाप मारली. "मग बरूबर जागी आला की. तालमीत दुसरं काय असतंय?"

एल्साबाईनं माझी मूठ धरली आणि सोडली. "आमच्यात तळं आता धड गोठत न्हाय. झाडू खुटीला लागल्यात. हितं आजून झाडताय तुमी. ऱ्हाऊ दे ह्येला हितंच."

हातातोंडाशी आलेला घास गेला. सगळ्यांचे डोळे पाणावले, पण गोट्याला कुणी विचारलं नाही. वर्षभर मी रुसून होतो. रुसलेला दगड ओळखू येत नाही, एवढीच अडचण.

पुढच्या पावसाळ्यानंतर तालमीत एल्साबाईनं धाडलेलं एक लाकडी खोकं आलं. गणपतरावांनी स्वतः खिळे उपटले. आत गवतात माझा भाऊ होता. लांबून आलेला पाव्हणा म्हणून वस्तादांनी त्याला ऊन पाण्यानं आंघोळ घातली आणि माझ्या शेजारी बसवलं. शेंदूर लावल्यावर तो जरा कुरकुरला. मी म्हटलं, होईल सवय.

आता वस्ताद थकलेत. कंबर वाकत नाही, म्हणून खुर्चीत बसून काठीनंच कुठं केर राहिला ते दाखवतात. पोरंही पूर्वीसारखी येत नाहीत. संध्याकाळी सगळी टीव्हीपुढं. खंडेनवमीला कधी झाडू धरायला माणूस शोधावा लागतो. तेव्हा मंडळी, त्या दिवशी आमच्या पेठेत आलात आणि कुणी हातात खराटा दिला, तर लाजू नका. आमच्या गावी डॉक्टरही झाडत.

दर थंडीत भाऊ विचारतो, "तळं गोठलं का रे?"

मी म्हणतो, "रंकाळा काही गोठत नाही बाबा. पण वाट झाडलीय. चल."