हाजराबीसाठी थांबलेले लोक

त्या वर्षी पावसाविना नांदगाव खंडेश्वरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभ्यानं सुकत होती. मी गच्चीवर हातातला अँटेना फिरवत उपग्रहाचा माग काढत होते. अकोल्याला जठारपेठेत माझी मैत्रीण हाजराबीही तेच करत होती. आम्ही हौशी रेडिओचा परवाना सोबतच काढला होता. हातातल्या सेटवरून अकोला थेट गाठता येत नाही. उपग्रह डोक्यावरून जातो तेवढा वेळ तो आवाज पोचवतो. पण एका वेळी एकालाच बोलता येतं, आणि मोठ्या सेटवाल्यांपुढे आमचे आवाज बुडून जात. हाजराबीचा सेट रेडिओ क्लबचा होता, तो दुसऱ्या दिवशी परत जाणार होता.

"अवं, फोन कावून नाही लावत तिले?" खालून आमचे यजमान महादेवराव हसले.

"फोन तं कोणीबी लावते!"

इतक्यात सेटवर श्रीलंकेतला एक अनोळखी माणूस इंग्रजीत म्हणाला, "सगळे थांबा. एका बाईंचा बारीक आवाज येतोय. त्यांना बोलू द्या."

सगळे गप्प झाले. हाजराबीनं आपलं संकेतनाव सांगितलं, मी माझं. मग तिला राहवलं नाही.

"कौशल्याबाई, तुमच्या इकडे पाणी आला काय वो?"

"नाही वो. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेबी नाही. पण तुमचा आवाज आला, बाई!"

उपग्रह मावळेपर्यंत मध्ये कोणीच बोललं नाही. त्या लोकांची नावंही मला ठाऊक नाहीत. त्यांचे उपकार मात्र मी अजून मानते.