साडेतीन किलो शिसं

मालू काट्यावर चढली आणि तिच्या आईनं, चंद्रभागेनं, डोळे मिटून एकवीरेला कोंबडा कबूल केला. तीन आठवड्यांतला हा तिसरा कोंबडा. नर्सनं दांडीवरचं वजन पुढे सरकवलं, थोडं मागे आणलं.

"तेहतीस."

"आये गो! एकतीसवरून तेहतीस! भावोजी, ऐकलं का?"

ऐकलं. पण मी बाकावर बसून मालूचा गळा बघत होतो. गळ्याखालच्या खळग्यात ओंजळभर पाणी राहिलं असतं. अठरा वर्षांची पोर, माझ्या धाकट्या भावाची. भाऊ गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. बाई डॉक्टरही तिच्या मनगटाकडे बघत होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तीसच्या खाली गेली तर घरी ठेवू देणार नाही. हा उपास नाही, मनाचा आजार आहे. यात हृदय थांबतं." आज त्यांनी तेहतीस लिहिलं आणि पेन बंद न करता बराच वेळ बसून राहिल्या.

उपासानंच सुरुवात झाली होती. सत्त्याऐंशीच्या श्रावणात मालूनं सोमवार धरला. मग देवीचा मंगळवार, दत्ताचा गुरुवार, मारुतीचा शनिवार. उरलेल्या तीन दिवशी तिला भूक नसायची. आम्ही कोलशेतचे कोळी. आमच्या घरात मासळीशिवाय घास उतरत नाही, आणि ही पोर कालवणाच्या वासानं उठून जायची. दुसऱ्या कुठल्या आळीत कुणी वैद्य बोलावला असता. आमच्या आळीनं तिच्या पाया पडायला सुरुवात केली. शेजारची शेवंती तर नातवाला तिच्या पायावर घालायला आणायची.

आणि मी? मी म्हणजे गुणाजी, सगळ्या आळीचा आबा. मी खाडीतली मगर शेपटीला धरून मासुंदा तलावापर्यंत फरफटत नेली होती. एकदा माझ्या जाळ्यात चंद्र सापडला, तो मी दया येऊन सोडून दिला. असल्या गोष्टी मी बंदरावर बसून सांगत आलो, आणि लोक चहा पाजून ऐकत आले. मालू वाळायला लागली तेव्हा मी सांगितलं, "पोरगी एकोणीस दिवस तुळशीच्या पाण्यावर हाय. एकोणीस! मी सोता मोजले." माझ्या आयुष्यात लोकांनी खरी मानलेली ती एकच थाप. बाळकुमहून बायका दर्शनाला आल्या. मालूनं दारातून ऐकलं. त्या दिवसापासून तिनं सकाळचा चहाही सोडला.

तेहतीस भरल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पायाची सूज उतरली, म्हणून महिन्याभरानं मी पाग काढला. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, त्यांच्या भारानं ते तळाला जाऊन बसतं. मी खाडीत उतरलो, कमरेला पीळ दिला, फेकला. पाग छान गोल उघडला आणि पाण्यावर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा तरंगत राहिला.

कड चाचपून पाहिली. निम्म्याहून अधिक गोळ्या गायब. चोरानं कापल्या असत्या तर सूत तुटलं असतं. इथं एकेक गाठ नीट सोडवून पुन्हा मारलेली होती. ती गाठ आमच्या घरात दोघांनाच येते. एक मी, आणि दुसरी जिला मी शिकवली ती.

साडेतीन किलो तरी शिसं होतं ते. तेहतीसमधून साडेतीन गेले की किती राहतात हे कळायला मला शाळेची गरज नव्हती. पाग खांद्यावर टाकून मी पाण्यातून बाहेर आलो.

घरी येऊन मी चंद्रभागेला सांगितलं, गोळ्या मालूच्या परकराच्या शिवणीत असणार. ती बोंबील वळणीवर वाळत टाकत होती.

"परकरात शिसं?" तिनं वळूनही पाहिलं नाही. "आणि मगर कुठं हाय, भावोजी? पोलक्यात?"

"चंद्रभागे, देवाशपथ."

"देवाच्या शपथा तुम्ही चंद्राच्या गोष्टीलाबी घेतल्या होत्या. माझी पोर वाढतेय. तुमाला बगवत नाय काय?" आणि ती बोंबील हातात धरूनच रडायला लागली. माझी सगळी हयात खोटं बोलण्यात गेली होती. आता खरं सांगायची वेळ आली, तर माझं नाणं चालेना.

मालू ओटीवर बसली होती. मी पाग तिच्यासमोर टाकला. तिनं कडेवरून बोट फिरवलं आणि हात मागं घेतला.

"आबा, आयेला सांगू नको."

"सांगितलं. पटलं नाय तिला."

ती हसल्यासारखी झाली. ओठ फाटलेले होते. "मना तिकडं ठेवतील. नळीनं भरतील."

"मग खा ना गो, बाय माझी. एक घास."

"खाल्लं का जड वाटतं, आबा. बुडाल्यासारखं. आणि..." ती पागाकडे बघत राहिली. "आणि मंग लोक काय बोलतील? एकोणीस दिवसवाली पोर चोरून खाते."

त्यानंतरचे दिवस मी तिच्या श्वासावर नजर ठेवून काढले. ती दुपारी डुलकी घ्यायची तरी मी जाऊन तिच्या नाकाशी बोट धरायचो. जिना चढताना ती थांबली की माझे पाय थांबायचे.

पुढच्या फेरीला दवाखान्यात चंद्रभागेनं काट्यापाशी हात जोडले. मालूनं चपला काढल्या. परकर एका हातानं सावरून ती जपून पुढे निघाली. मी उठलो.

"डॉक्टरीणबाई, मना बोलायचं हाय."

"भावोजी, गप बसा!"

"एकोणीस दिवसांची गोष्ट खोटी हाय," मी म्हणालो. "तुळशीचं पाणीबिणी काय नाय. ती पोर तेव्हा सकाळी चहा घेत होती, बटर बुडवून. मी बघितलेलं. चहा मिळावा म्हणून मी बंदरावर थाप मारली. मी खोटं बोललो."

 बाकांवर कोलशेतच्या दोन बायका होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. साठ वर्षांत 'मी खोटं बोललो' हे शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, मीसुद्धा. परकराबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

मालू माझ्याकडे बघत होती. मग वळली आणि पडद्यामागं गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा दवाखान्याची चादर गुंडाळलेली होती, आणि दोन्ही हातांत घडी केलेला परकर. तो तिनं टेबलावर ठेवला. टेबल दणकन वाजलं. चंद्रभागेनं परकराचा काठ उचलून पाहिला, गोळी चाचपली, आणि खाली बसली.

"आता करा वजन," मालू म्हणाली.

साडेएकोणतीस.

दोन महिने ती तिथं होती. बाई डॉक्टर मला म्हणाल्या, "जेवताना जेवणाबद्दल बोलायचं नाही. दुसरं काहीही बोला." मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी कामावर ठेवलं! पहिल्या दिवशी अर्धी वाटी पेज संपायला तास लागला आणि तीन मगरी. पुढं भात आला, तेव्हा मला अख्खा समुद्र उपसावा लागला. नव्वद साली ती पुन्हा घसरली, पुन्हा तिथंच गेली, पुन्हा आली. परकराची शिवण तिनं घरी उसवली. गोळ्या पागाला एकदम नाही बांधल्या. कधी महिन्यात एक, कधी एका दुपारी दहा.

आता शहाण्णव साल चालू आहे, असं मला शेजारी सांगतात. खाडीला कारखान्यांचं पाणी येतं, मासळी येत नाही. पाग ओटीवर खुंटीला टांगलाय. मालू कोपरला असते, ब्लाऊज शिवते. रविवारी येते. ताट वाढलं की आधी ते डोळ्यांनी तपासते, अजून. चंद्रभागा तेव्हा मुद्दाम मोरीत भांडी वाजवत बसते.

परवा शेवंती ओटीवर आली. जेवणं चालली होती. तिनं पाग हातात घेऊन कड फिरवली आणि एका मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"आबा, इथली एक गोळी कुठं गेली रे?"

मालूचा हात ताटात थांबला. ती गोळी कुठं आहे हे मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

"ती व्हय?" मी म्हणालो. "ती जिताड्यानं गिळली. एवढा होता! माझ्या डोळ्यांदेखत गिळली आणि वर मना डोळा मारून गेला."

"तू काय सुधारायचा नाय," शेवंती म्हणाली.

मालूनं भाकरीचा तुकडा मोडला.