दिशा वर्गात आहे, मला वाजवू नका

मी एक जुनी पितळी घंटा आहे. राहुरीजवळच्या एका वस्तीशाळेच्या पडवीत टांगलेली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला माझ्या आवाजाचा भारी गर्व होता. एक टोल पडला की उसापल्याडची पोरंसुद्धा दप्तरं सावरत पळत सुटायची. मला वाजवायचा मान मिळावा म्हणून त्यांची भांडणं व्हायची.

आता मला माझ्याच आवाजाची भीती वाटते.

गेल्या हिवाळ्यात ऊसतोड चालू होती. शेवटचा पट्टा उभा राहिला आणि त्यातच बिबट्या दडलेला. गवत कापायला वाकलेल्या सहादेववर त्यानं झडप घातली. माणसं डबे, ताटं बडवत धावली. बिबट्या पळाला, पण सहादेव गेला. त्याची चौथीतली मुलगी दिशा बांधावर उभी होती.

ती शाळेत परतली, ती दाराकडे तोंड करूनच बसू लागली. पाढे घडाघडा म्हणणारी पोर, तिला फळ्यावरचं काही वाचता येईना. मी वाजले की कान दाबून बाकाखाली शिरायची. मुलं हसायची. भार्गवी मॅडमना वाटलं, मान दिला तर पोर खुलेल. त्यांनी हातोडी तिच्या हातात दिली.

"नको, मॅडम."

"अगं, एकच टोल दे. भीती जाईल."

तिनं टोल दिला. मी नेहमीसारखी खणखणले आणि ती "आबा, उठा, आबा" करत खाली कोसळली. तिचे कपडे ओले झाले होते. त्या क्षणी मला तडा गेला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिची आई राहीबाई दाखला मागायला आली. "डबं वाजत हुतं, तवा तिनं बापाला तसं पाह्यलं. आता शाळा नगं. लई थरथरती."

मॅडम तिच्याशेजारी बसल्या. "माझं चुकलं, ताई. घंटा आजच उतरवते. दाखला नेऊ नका. नगरला डॉक्टरांकडे मी येते सोबत."

"ती येडी न्हाई, मॅडम."

"नाहीच. घाबरलीये. भीतीलाही औषधपाणी लागतं."

तेव्हापासून मी कपाटात आहे. मॅडम दारात उभ्या राहून हात वर करतात, मुलं एकमेकांना खुणावत आत येतात. दिशाही येते. नजर अजून दाराकडेच असते, पण काल तिनं एक ओळ वाचली.

मित्रांनो, कपाट उघडलं की माझा जीव घाबरा होतो. कुणी मला हौसेनं बाहेर काढलं तर? घाबरलेल्या मुलाला हसू नका. त्याची भीती मोडायलाही जाऊ नका, आधी काय झालं ते विचारा. आणि मला खुशाल काळवंडू द्या. दिशाला अजून दुसरी ओळ वाचायची आहे.