वेलदोड्याचा सेंट आणि मारिकाचं गाणं

तो सेंट मी रागाच्या भरात घेतला. माझा नवरा शेल मला सोडून एका बर्फावर घसरत फिरणाऱ्या बाईकडे राहायला गेला, त्याचं मला लोकांना वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही. पण जाताना तो पीठ मळायचं यंत्र घेऊन गेला, ते मात्र माझ्या डोक्यात गेलं. तीस वर्षं आमच्याकडे दर शनिवारी वेलदोड्याचे बन व्हायचे. आता हाताने मळायला जावं तर मनगटं बोंबलतात. अशातच एका दुकानात ती बाटली दिसली, लेबलवर चक्क एक गुंडाळलेला बन. हुंगून बघितली आणि किंमतही न बघता घेऊन टाकली.

काय सांगू तुम्हाला. आधी कोमट दुधाचा वास येतो. मग वेलदोडा, अगदी आत्ता कुटल्यासारखा. आणि तासाभराने, मनगट नाकापाशी नेलं की, कडेला जरा जास्त भाजलेल्या साखरेचा आणि लोण्याचा. जानेवारीत दुपारी तीनला अंधार पडतो तेव्हा मी तो लावायची, लोकरी मफलर गुंडाळून सोफ्यावर बसायची आणि मारिका विंगेचं गाणं लावायची, ‘एका कपाची कॉफी’. माझं त्या हिवाळ्यातलं सगळं सुख एवढंच, आणि ते भरपूर होतं.

मारिका विंगेचं नाव काढलं की आमच्याकडे शहाणी माणसं नाक मुरडतात. चमकीचे कपडे घालते, रेडिओवर सकाळी आठला वाजते, टॅक्सीवाल्यांना आवडते, म्हणजे वाईटच असणार. बरं, नाक मुरडणाऱ्या प्रत्येकाला तिची गाणी तोंडपाठ असतात. मला असल्या ढोंगाचा मनस्वी राग येतो.

तर मी आमच्या मंगळवारच्या गायनवृंदात अर्ज दिला होता. आमच्याकडे दरवर्षी वसंतातल्या कार्यक्रमासाठी एक गाणं सभासद निवडतात. लेखी अर्ज करायचा, तो फेब्रुवारीतल्या वार्षिक सभेत चर्चेला येतो आणि हात वर करून मतं घेतात. सतरा वर्षांत मी कधी काही मागितलं नव्हतं. यंदा मागितलं: ‘एका कपाची कॉफी’, चार आवाजांत. ज्या गाण्याने मला घरात एकटीला उभं ठेवलं, ते मला एकदा चाळीस माणसांच्या मध्ये उभं राहून गायचं होतं. एवढंच, पण त्याच्यापायी माझा जीव टांगणीला लागला होता.

आता त्या सेंटची भानगड. गायनवृंदात सेंट लावून जायचं नसतं. दारावर पाटी आहे, पण पाटी नसती तरी चाललं असतं. इथे शेंबडं पोरसुद्धा जाणतं की दहा माणसांत एकाला तरी दमा असतो. मीही तालमीला जाताना कधी लावला नाही. पण लोकर कसली चिवट असते ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मफलर मी रोज तोच घालायची, आणि त्याच्यात तो बन असा मुरला होता की खोलीत हीटरजवळ बसले की दहा मिनिटांत बेकरी उघडल्यासारखं व्हायचं.

आणि गंमत बघा, सेंटचा संशय कुणालाही आला नाही. सेंट लावून कुणी येईल हे आमच्या लोकांच्या डोक्यात शिरूच शकत नाही. त्यांनी सरळ हिशेब केला: वास बनचा आहे, म्हणजे बन आहेत. बन आहेत आणि आपल्यापुढे येत नाहीत, म्हणजे कुणीतरी पिशवीत आणतंय आणि एकटंच खातंय.

असला गुन्हा इथे चोरीच्या खालोखाल मानतात. पण तोंडावर विचारतील तर शपथ. तिसऱ्या मंगळवारी कॉफीच्या थर्मासला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली, टाईप केलेली, बिननावाची: ‘जी व्यक्ती ताजे बन आणते, तिने ते सर्वांसाठी आणावेत, अथवा आणू नयेत. आपली, एक उपाशी व्यक्ती.’ ती रूनेने लिहिली होती हे सगळ्यांना कळलं. रूने आमचा सर्वांत खालच्या पट्टीतला गायक, आणि ‘अथवा’ हा शब्द अख्ख्या गावात तो एकटाच वापरतो.

मफलरचा उलगडा मला तेव्हा कुठे झाला, आणि मी हसून हसून बेजार झाले. घरी जाऊन मारिकाला सांगितलं, म्हणजे तिच्या भिंतीवरच्या फोटोला.

पुढच्या मंगळवारी माझं हसू गेलं. संशय सीव्हवर आला होता. सीव्ह सतरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते, आणि स्टेशनजवळच्या बेकरीत काम करते. वास आमच्याच कोपऱ्यातून येतो, सीव्हची पिशवी मोठी, झालं. कुणी तिला काही बोललं नाही. फक्त तिच्या पलीकडची खुर्ची रिकामी राहायला लागली, आणि कॉफीच्या वेळी ती आली की बोलणी थांबायची. वर्षानुवर्षं बेकरीतला उरलेला माल हीच बाई आम्हाला फुकट आणून खायला घालत होती. तिने तेही आणणं बंद केलं. मग लोक म्हणाले, बघा.

एकदा बसस्टॉपवर तिने मला सांगितलं की वार्षिक सभेत शेवटच्या विषयाला ती राजीनामा देणार. “मी काय केलंय ते मला कळतच नाहीये, गुनेल,” ती म्हणाली. “नुसतं कळलं असतं तरी बरं झालं असतं.”

मी काय केलं माहितीये? मूग गिळून गप्प बसले. मफलर तेवढा धुतला. मनाशी म्हटलं, माझा अर्ज अकराव्या विषयाला आहे, राजीनामा चौदाव्याला. एकदा गाणं मंजूर होऊ दे, मग सीव्हला बाजूला घेऊन सांगू. आत्ता सांगितलं तर पाटीचा नियम मोडणारीच्या गाण्याला कोण मत देणार? आज लिहितानाही मला माझी लाज वाटते, पण तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

सभेला तेवीस जण आले. दहा विषय नेहमीसारखे पार पडले. अध्यक्षीणबाई विचारतात, मंजूर का, सगळे हो म्हणतात, हातोडी वाजते. अकरावा आला. मी अर्ज वाचला. मग आमचा गायनमास्तर सिक्स्टेन उठला. सिक्स्टेन माणूस वाईट नाही, पण तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या संगीतकारांवरच त्याचा विश्वास. तो म्हणाला की ही बाई म्हणजे सगळा बनाव आहे, गाणी दुसरे लिहितात, रंगमंचावर हुकमी रडते, आणि अशा खोट्या मालाला आपण आवाज देऊ नये. दोनतीन जणांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकीच्या फोनची रिंग मारिकाचीच होती.

माझं टाळकं सरकलं. मी कागद बाजूला ठेवला आणि सुरू झाले. म्हटलं, सिक्स्टेन, तू तिला ऐकलंयस तरी का? दुसरे गाणी लिहितात म्हणतोस, तर तू स्वतः आजवर किती लिहिलीस? कॉफी यंत्रात एका कपाचं पाणी ओतताना हात कसा थांबतो, हे तिने जसं गायलंय तसं तुझ्या एका तरी संगीतकाराने गायलंय का? आणि खोटी? ती गाण्यांच्या स्पर्धेत सर्वांत शेवटची आली होती, अख्ख्या देशासमोर. बाकीचे म्हणाले ध्वनियंत्रणा बिघडली, परीक्षक विकले गेले. ती एकटी म्हणाली, आज मी वाईट गायले, चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाचीही नाही.

आणि तिथेच माझी जीभ अडकली. कारण बोलता बोलता माझं लक्ष सीव्हकडे गेलं. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या, एक माझी, एक कायमची. पिशवी मांडीवर, तोंड उघडं ठेवलेली, कुणीही आत बघावं म्हणून. आणि माझ्या त्या वाक्यावर ती मान हलवत होती. तिला ते पटलं होतं.



“बन कुठेच नाहीत,” मी म्हणाले. “तो माझा सेंट आहे. माझ्या मफलरला लागलेला. सीव्हचा काहीही संबंध नाही, आणि मला हे महिनाभर माहीत होतं.”

 आमच्या लोकांना गुन्ह्यापेक्षा कबुलीने जास्त अवघडायला होतं. सगळे छताकडे बघायला लागले. टिपण लिहिणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं की हे अकराव्या विषयाखाली लिहू की वेगळा विषय उघडू. रूनेने पुराव्यासाठी मफलर मागितला. धुतलेला होता तरी त्याने तो नाकाला लावला, डोळे मिटले, आणि बराच वेळ परत दिला नाही. मग लाल होऊन म्हणाला की चिठ्ठी त्याने लिहिली होती आणि तो सीव्हची माफी मागतो.  सिक्स्टेनने फक्त दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

अर्ज मागे घ्यावा म्हणून मी तोंड उघडलं, पण अध्यक्षीणबाई नियमाच्या पक्क्या. विषय मांडला गेलाय, मतं होणार. बाजूने अकरा हात वर झाले. विरोधात अकरा. फोनवाली विरोधात होती, हे मी विसरणार नाही. राहिली सीव्ह, जिने कुठेच हात वर केला नव्हता.

सगळे तिच्याकडे बघत होते. मी बघू शकले नाही. मी माझ्या बुटांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नको म्हण, तुझा हक्क आहे.

“त्या गाण्याने माझं काय वाकडं केलंय?” सीव्ह म्हणाली आणि तिने हात वर केला. हात तसाच वर ठेवून, माझ्याकडे न बघता, पुढे म्हणाली, “गुनेलचं मी नंतर बघते.”

हातोडी वाजली. चौदाव्या विषयाला तिने राजीनामा दिला नाही. पिशवी उचलून ती रूनेशेजारी जाऊन बसली, आणि आता तीच तिची जागा झाली आहे.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. गाणं सुंदर बसतंय, सिक्स्टेनसुद्धा दुसऱ्या कडव्याला पाय हलवतो. दर मंगळवारी तालीम संपली की मी कोट घालून दाराशी थांबते, सीव्ह समोरून येते, मी सरळ उभी राहते. आणि ती म्हणते, “आज नाही, गुनेल.” मी बरं म्हणते, आणि पुढच्या मंगळवारी परत थांबते.