तुळशीदासचं न प्यालेलं लिव्हर

संपाला दीड वर्ष झालं तेव्हा लालबागच्या तुळशीदास परबचं पित्ताशय काढावं लागलं. गिरणी बंद होती, पगार बंद होता, पण खडे तयार करायचं काम त्याच्या पोटाने इमानदारीत चालू ठेवलं होतं.

परळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. उत्तम झालं, असं सर्जन डॉ. कारखानीस स्वतःच म्हणाले. जखम दुखते म्हणून त्याला मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. जखमेचं दुखणं कमी झालं आणि तासाभरात बरगडीखाली नवीनच कळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, तर लिव्हरचे आकडे दुपटीने वाढलेले. कळ आहे म्हणून पुन्हा मॉर्फिन दिलं. आकडे आणखी चढले.

डॉक्टर रोज सकाळी शिवाजी पार्कला तीन चकरा मारत. गिरणगावातल्या माणसाचं निदान करायला त्यांना रिपोर्टची फारशी गरज पडत नसे.

"किती पितोस?"

"पीत नाही, साहेब. मी भजनात पखवाज वाजवतो."

"आणि भजनानंतर?"

तुळशीदासची बायको शेवंता पलंगाशी उभी होती. ती म्हणाली, "साहेब, हे चहासुद्धा बशीत ओतून, फुंकून पितात. दारू कुठली पितील?"

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'पत्नी व्यसन लपवते.'

वॉर्डातल्या ललिता सिस्टरने मात्र इंजेक्शनच्या वेळा आणि कळेच्या वेळा शेजारी शेजारी लिहून पाहिल्या. "सर, मॉर्फिनने पित्ताच्या नळीचं तोंड आवळतं. पित्त मागे तुंबतं, म्हणून तर लिव्हरला त्रास होत नसेल?"

"सिस्टर, तुम्ही चादरी बदला," डॉक्टर म्हणाले.

शनिवारी मात्र विज्ञानाला मदत झाली. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकून मेट्रन भाच्याच्या लग्नाला नाशिकला निघून गेल्या. दोन दिवस तुळशीदासला साध्या गोळ्यांवर ठेवावं लागलं. कळ थांबली. सोमवारी आकडे निम्म्यावर आले.

डॉक्टर राऊंडला आले तेव्हा मागे दहा विद्यार्थी होते. "पाहा," ते म्हणाले, "दारू मिळाली नाही की लिव्हर कसं सुधारतं."

शेवंताने डब्याचं झाकण लावलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, हे आठ दिवस इथेच आहेत. मग पहिले सहा दिवस तुमच्या वॉर्डात दारू मिळत होती काय?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा टाके विसरून हसला. विद्यार्थी छताकडे बघू लागले. डॉक्टरांनी ललिताचा कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, "माझा अंदाज आहे, हे मॉर्फिनमुळे असावं. बंद करा."

"हो सर," ललिता म्हणाली.

आठवड्यात आकडे जागेवर आले. पुढे डॉक्टरांनी या विषयावर एक व्याख्यानही दिलं म्हणे. त्यात सिस्टरचं नाव नव्हतं.

तुळशीदास घरी आला खरा, पण तोंड वर करेना. तो चोरून पितो, हे वॉर्डात ऐकलेलं चाळीभर पसरलं होतं. संध्याकाळी दौलत आला. चाळीतला तो मान्यवर पिणारा. त्याने दारातच हात जोडले.

"वीस वर्षं शेजारी राहतोय आणि मला वाससुद्धा आला नाही. मानलं तुला, तुळशा. कसं करायचास, मला तरी सांग."

तुळशीदासने पोटावरच्या टाक्यांवर हात दाबला आणि संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच पोटभर हसला.